धुक्यातला गोल

आमच्या पिपरी मेघेच्या घरात, समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर एक मोठा फोटो फ्रेम करून लावलेला आहे. त्यात काहीच दिसत नाही. सगळं पांढरं. खालच्या कोपऱ्यात जाळीचे चार-दोन दोरे आणि अगदी निरखून पाहिलं तर मधोमध एक काळपट डाग, बस. स्टुडिओवाल्याने तो मोठा करून देताना बाबांना विचारलं होतं, "काका, यात आहे काय?" बाबा म्हणाले, "माही पोट्टी आहे. गोल करून राह्यली." त्याने फोटो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि जास्त काही न बोलता फ्रेम करून दिला.

बाबा वर्ध्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांची सारी हयात गेली. त्यामुळे घरातही ते गोष्ट सांगत नाहीत, पुकारतात. घरी कोणी आलं, चहा झाला, की त्यांची नजर फोटोकडे जाते आणि गाडी फलाटावर लागते. "चहूकडून समुद्र. मधात गाव. गावात मैदान. आन् धुकं असं, का आपला हात आपल्याले दिसू नये..." आई अशा वेळी स्वयंपाकघरात निघून जाते. मी असले तर परवापर्यंत मीही जायची. पाहुण्यांना वाटायचं, पोरगी लाजली.

मी स्ट्रायकर होते. म्हणजे गोल करणं हे माझं काम होतं आणि त्या कामावर मी परदेशात पोट भरत होते. आता गुडघा गेला, मी वर्ध्यात मुलींना खेळ शिकवते, आणि लोक मला दोनच प्रश्न विचारतात. गोल किती केले, आणि तिकडे भाजी काय मिळायची. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बटाटा. पहिल्याचं उत्तर मी आकड्यात देते, आणि देताना दरवेळी एक गोल कमी सांगते. बाबा लगेच दुरुस्त करायचे. का कमी सांगते, ते आज लिहिणार आहे.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण टीव्हीवर बघून ते कळत नाही. टीव्हीवर स्ट्रायकर धावताना दिसतो. खरं तर तो उभा असतो. नव्वद मिनिटांतली ऐंशी-पंचाऐंशी मिनिटं तो थांबलेला असतो, आणि थांबणं हेच त्याचं कसब. ज्यांनी दिवाळीच्या गर्दीत आमच्या बसस्थानकावर नागपूरची गाडी पकडली आहे, त्यांना हे एका वाक्यात समजेल. गाडी यायची असते, फलाटावर ती लागेलच याची खात्री नसते. अनाडी माणूस गाडी थांबली की धावतो. जाणता माणूस गाडी फाटकातून वळतानाच ओळखतो की ती कुठे थांबणार, तिथे आधी जाऊन उभा राहतो आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. स्ट्रायकर म्हणजे रुमाल टाकणारा माणूस. बॉल कुठे येणार तिथे सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी पोचायचं. फार आधी पोचलात तर पंच ऑफसाइड देतो, उशिरा पोचलात तर सीट गेली.

हे मला आमच्या शाळेच्या देवतळे सरांनी शिकवलं. आमचं मैदान जिनिंगच्या मागे होतं. कापसाच्या दिवसांत हवेत कापूस इतका तरंगायचा की दुपारच्या उन्हात मैदानावर पांढरी झुळझुळ दिसायची, केसांवर, भुवयांवर कापूस बसायचा, आणि पलीकडच्या गोलपोस्टच्या जागी नुसता उजेड दिसायचा. इतर शिक्षक खेळ बंद करत. सर मला पाठमोरी उभी करायचे आणि मागून बॉल मारायचे. बुटाचा आवाज ऐकायचा आणि बॉल कुठे पडणार ते सांगायचं.

"सर, दिसून नाई राह्यलं," मी तक्रार करायची.

"पाहू नको ना मंग. आयक," ते म्हणायचे. "गोल पायानं नाई होत, बेटा. कानानं होते. पाय काय, शेवटी जाऊन लागतेत."

चार वर्षं मी पाठमोरी उभी राहिले. आजही डोळे मिटले की तो कापूस दिसतो आणि त्यातून मागून येणारा धप्प आवाज ऐकू येतो. बुटाच्या आतल्या बाजूने मारलेला बॉल वेगळा वाजतो, चवड्याने मारलेला वेगळा. छातीवर घेतलेला वेगळा, मांडीवर घेतलेला वेगळा. हाताला लागलेला तर फारच वेगळा.

पहिल्यांदा देशाबाहेर जायचं ठरलं तेव्हा आई मला गिरडला घेऊन गेली. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. आमच्या घरात लग्न असो, परीक्षा असो की ऑपरेशन, गिरड झाल्याशिवाय पाऊल पडत नाही. त्या टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात, एखादा सुपारीएवढा, एखादा जायफळाएवढा. त्यांची गोष्ट गावागणिक वेगळी आहे. आमच्या आईची अशी: एक व्यापारी सुपारी-जायफळाची पोती घेऊन चालला होता. फकिराने विचारलं, पोत्यात काय आहे? द्यावं लागेल म्हणून व्यापारी हसत म्हणाला, गोटे आहेत. फकीर म्हणाला, बरं, तर गोटे. पोती उघडली तर खरंच गोटे.

आमच्या घरची रीत म्हणजे मोठ्या कामाला जाताना तिथला एक गोटा उसना न्यायचा, काम झालं की परत नेऊन ठेवायचा, आणि ठेवताना जे झालं ते खरं खरं सांगायचं. माझ्या बाबांनी खात्याच्या परीक्षेला नेला होता. नापास झाले. परत ठेवताना म्हणाले होते, "अभ्यास केलाच नवता." आई ही गोष्ट अजून सांगते.

आईने एक सुपारीएवढा गोटा वेचून माझ्या मुठीत ठेवला. "घेऊन जाय. पण परत आणून ठेवजो. आन् ठेवतानी खोटं नको बोलजो, तिथं चालत नाई."

तो गोटा माझ्यासोबत दोन-तीन देश फिरला. कुठे एक हंगाम, कुठे दीड. शेवटी फेरो बेटांवर आला. नकाशात ब्रिटनच्या वर समुद्रात कुणी शेंगदाण्याची टरफलं फुंकून टाकावीत तसा तो देश आहे. तिथली सगळी माणसं आमच्या वर्ध्यात आरामात मावतील. घरांच्या छपरांवर गवत, गवतावर कधीमधी मेंढी. आमच्या गावाचं मैदान एका बाजूने डोंगराला टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूचा गोल थेट समुद्राच्या तोंडाशी. बॉल जाळीवरून गेला की पाण्यात. म्हणून प्रत्येक सामन्याला हानुस नावाचे एक म्हातारे कोळी त्या गोलमागे लहानशी होडी घेऊन बसत. बॉल पाण्यात पडला की वल्हवत जात, लांब दांड्याच्या जाळ्याने तो काढत आणि किनाऱ्यावर फेकत. बॉल ओला आणि खारट होऊन परत यायचा. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्हाला सामना आवडतो का? ते म्हणाले, "मी आजवर एकही पाहिलेला नाही. माझी पाठ असते."

पिपरी मेघेत मी 'विदेशात खेळते' असं सांगितलं जायचं आणि ते खरंच होतं. फक्त सकाळी मी मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर काम करायची, हे सांगितलं जायचं नाही. आमची कप्तान रानवा माझ्या शेजारी उभी असायची. सहा फूट उंच बाई, बचावात खेळायची, बोलायची फार कमी. घरून आलेला गोरसपाक, म्हणजे आमच्या वर्ध्याचं तुपातलं बिस्किट, मी पहिल्यांदा तिला दिला तेव्हा तिने तो चहात बुडवला, खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी हात पुढे केला. आमची मैत्री एवढ्यावरच झाली.

तिथे धुकं कधीही येतं. ऊन पडलेलं असतं, तुम्ही थ्रो घ्यायला वाकता, उभे राहता तोवर डोंगर गेलेला असतो. नियम असा की पंचाने मैदानाच्या मधोमध उभं राहायचं आणि दोन्ही गोल दिसतात का बघायचं. दिसले तर खेळ चालू. इतर मुलींना धुक्याचा कंटाळा. मला मात्र धुकं आलं की माहेरी आल्यासारखं वाटायचं. जिनिंगमागचं मैदानच समुद्रावर तरंगत आलंय असं वाटायचं. कधी कधी तर मी धुक्यात पाठमोरी उभी राहून सरांच्या बुटाचा आवाज ऐकायची. आता स्वप्नात ही दोन्ही मैदानं एकच झाली आहेत. होडीत देवतळे सर बसलेले असतात आणि पाण्यावर कापूस उडत असतो.

पण त्या पहिल्या हंगामात माझे गोल आटले. का आटले, हे कुठल्याही स्ट्रायकरला विचारू नये, त्यालाही माहीत नसतं. पाय तेच, कान तेच, पण बॉल खांबाला लागतो, गोलकीपरच्या गुडघ्याला लागतो, मेंढी मैदानात येते. एकदा तर मोकळ्या गोलसमोर, चार पावलांवरून, मी बॉल हानुसच्या होडीत घातला. ते पहिल्यांदा वळले आणि म्हणाले, "आज नेम चांगला आहे." सगळे हसले, मीही हसले आणि खोलीवर जाऊन रडले. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "झाला का गोल?" जेवण झालं का विचारावं तसं. मी म्हणायची, होईल. मागून बाबांचा आवाज यायचा, "तिले दबाव नको टाकू." मग तेच फोन घेऊन विचारायचे, "होऊन राह्यला का?"

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा आम्ही तळाला होतो. सामना खाडीपलीकडच्या गावाशी. हरेल तो खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तर आम्ही जाणार. आणि खाली गेलो की परदेशी खेळाडू ठेवायचा नाही, हे क्लबने मला सरळ सांगितलं होतं. म्हणजे तो सामना जिंकलो नसतो तर मी पुढच्या आठवड्यात वर्ध्याच्या बसस्थानकावर उतरले असते, एकही गोल न करता. बाबांनी तोवर अर्ध्या पिपरी मेघेला सांगून ठेवलं होतं की पोट्टी नाव काढून राह्यली.

उत्तरार्धात धुकं आलं. पंच दोनदा मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्हीकडे बघितलं आणि खेळ चालू ठेवला. शेवटची काही मिनिटं उरली होती. गोल नव्हता कुणाचाच. मी समुद्राकडच्या गोलसमोर उभी होते. त्यांची गोलकीपर सोलरुन माझ्यापासून पाचेक पावलांवर. तिचे लाल हातमोजे तेवढे दिसत होते. उजवीकडे कुठेतरी रानवाचा बूट वाजला. आतल्या बाजूने मारलेला, वळणारा बॉल. मला तो दिसण्याआधी कळला. मी जवळच्या खांबाकडे धावले, अगदी सरांनी शिकवलं तशी, आणि वेळेवर पोचले. पण बॉल ओला होता, तो वळायचा तेवढा वळला नाही. तो माझ्या मांडीच्या वर, पोटाच्या बाजूला आला. आणि माझा उजवा हात पुढे गेला.

या एका क्षणाची मी मनात किती पारायणं केली असतील! हात आपोआप गेला, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. आपोआप काही जात नाही. हात मी पाठवला. बॉल मनगटाच्या वर लागला आणि जाळीत गेला.

पंचांची शिट्टी वाजली. गोल! धुक्यातून मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. रानवाने मला उचललं. पंच काही अंतरावर उभे होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, हाताला लागला. आमच्या मैदानावर आम्ही हे रोज म्हणायचो. पोरांमध्ये खेळायची मी, पण रडीचा डाव कधी खेळले नाही. रानवाच्या खांद्यावरून मी सोलरुनकडे बघितलं. ती जाळीतला बॉल काढत नव्हती. ती सरळ उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही, हात वर केला नाही. नुसती बघत होती. मग धुकं आमच्यामध्ये आलं.

सामना आम्ही जिंकलो. गावाने त्या संध्याकाळी मेंढी कापली, हानुसने मला आपली लोकरीची टोपी दिली. क्लबच्या कॅमेऱ्यातून कोणीतरी नेमका त्या क्षणी फोटो काढला होता, तोच आमच्या भिंतीवर आहे. मी घरी फोन केला. आई "झाला का" म्हणायच्या आधीच मी म्हणाले, झाला. पलीकडून बाबांनी जे पुकारलं ते शेजारच्या चार घरांना ऐकू गेलं असेल. मी बॅग उघडली. गोटा मोज्यांच्या खाली होता. मी वर आणखी मोजे टाकले.

त्यानंतर गंमत अशी झाली की गोल सुरू झाले. धो धो. पुढच्या तीन हंगामांत मी तिथे इतके गोल केले की बाजारात अनोळखी माणसं मान हलवायची. ते सगळे खरे. पायाने केलेले, डोक्याने केलेले, एकदा तर पाठमोरी टाचेने. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी अनुभवलं. कारखान्यात कुणी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं की मी तो मागे घ्यायची. खाडीपलीकडचा संघ खाली गेला. खाली गेल्यावर त्यांच्या चांगल्या मुली दुसऱ्या गावांकडून खेळू लागल्या. वर्षभरात अकरा जणी जमेनात आणि संघ मोडला. हे मला रानवाने मासळीच्या पट्ट्यावर सहज सांगितलं. माझी अळीमिळी गुपचिळी.

सुट्टीत घरी आले की आई म्हणायची, "चाल, गिरडले जाऊन येऊ. गोटा ठेवून देऊ." मी म्हणायची, अजून काम संपलं कुठे. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

गुडघा गेला तेव्हा मात्र काम संपलं. निघायच्या आधल्या आठवड्यात मी हानुसना म्हटलं, मला पलीकडे सोडता का? का, ते त्यांनी विचारलं नाही. होडी पाण्यावरून इतकी हळू गेली की मला वाटलं, मी आयुष्यभर त्या खाडीतच असेन आणि मला बोलावं लागणार नाही. पण काठ आला. पलीकडच्या मैदानावर मेंढ्या चरत होत्या. गोलचे खांब तसेच होते, एका खांबाला एक मेंढी अंग घासत होती.

सोलरुन घरी होती. तिने कॉफी दिली. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "तो गोल. हाताला लागला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ऐकलं मी. मांडीला लागला तर वेगळं वाजतं."

मी खुर्ची ओढून बसले. जगाच्या त्या टोकाला आणखी कुणी तरी कानाने खेळत होतं, आणि ती नेमकी माझ्यासमोर उभी होती.

"मग तू पंचांना का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? दिसलं नाही, पण ऐकू आलं? हरणारे असंच काहीतरी म्हणतात." तिने माझ्या कपात दूध ओतलं. "आणि ते माझं काम नव्हतं. तू उभी होतीस ना तिथे. मला वाटलं, ही म्हणेल आता. मी बराच वेळ वाट पाहिली."

मग तिने सांगितलं की गावात अजून म्हणतात, सोलरुनने धुक्याला घाबरून डोळे मिटले होते. ती हे हसून म्हणाली, पण म्हणतानाच उठून कप विसळायला गेली. मी म्हणाले, मी सांगते सगळ्यांना. ती म्हणाली, "सांगून मेंढ्या काही मैदान सोडणार नाहीत." मग कप पुसून ठेवत म्हणाली, "तरी सांग. दुकानात सांगितलंस तरी पुरे. माझे वडील रोज तिथे जातात."

गावात एकच दुकान. मी तिथे गेले. गल्ल्यावर एक बाई होती, तीन गिऱ्हाइकं होती. मी काड्यापेटी घेतली आणि परक्या भाषेत, तुटक तुटक, सांगितलं.  बाईने काड्यापेटी कागदात गुंडाळून दिली, आणि एक म्हातारा दार उघडून, टोपी घालायची विसरून, घाईने बाहेर पडला. तो सोलरुनच्या घराकडे वळला.

रानवालाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मासे उचलत राहिली. मी निघाले त्या दिवशी ती धक्क्यावर आली नाही. मला तिचा राग नाही आला, वाईट मात्र खूप वाटलं, अजून वाटतं. मी गोरसपाकाचा पुडा तिच्या दाराशी ठेवून आले होते. तो तिने घेतला की नाही, मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, झालं, सांगितलं ना, सुटलीस. मीही तसंच समजत होते. वर्ध्याला उतरले, घरात पाऊल टाकलं, आणि टीव्हीच्या वर तो पांढरा फोटो. बाबा पाहुण्यांना सांगत होते, "...आन् त्या धुक्यात पोट्टीनं आयकलं. आयकलं! देवतळे सरानं शिकवलंच तसं तिले." मी बॅग ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. दुकानातल्या चार अनोळखी माणसांना सांगणं सोपं होतं. भोंग्यावर माणसांना चुकीची गाडी कधी न सांगितलेल्या बापाला कसं सांगायचं? दीड वर्ष मी स्वयंपाकघरात जात राहिले.

मागच्या हिवाळ्यात आई म्हणाली, "काम संपलं, गुडघा गेला, पोट्ट्या शिकवून राह्यली तू. आता काऊन नाई येत गिरडले? गोटा का सोबत नेणार हाय मरतानी?" मग नाही म्हणता आलं नाही. हिंगणघाट, समुद्रपूर करत आम्ही तिघं गिरडला गेलो. आई चादर घेऊन वर गेली. बाबांना पायऱ्या झेपत नाहीत आता, ते मधेच बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. ऊन कोवळं होतं, खाली शेतांवर पातळ धुकं होतं, आणि चहूकडे गोटेच गोटे. मी मुठीतला गोटा त्यांच्यात ठेवला. ठेवला आणि तो कुठला, मलाच ओळखू येईना.

"सांग मंग," बाबा म्हणाले. "मी आयकत नाई."

"हाताले लागला होता," मी म्हणाले. "धुक्यातला गोल. मी हात घातला होता." आणि मग सगळंच सांगितलं. सोलरुन, मेंढ्या, दुकान, रानवा.

बाबांनी ऐकलं. ते खाली शेतांकडे बघत राहिले.

"पंचाले नाई सांगितलं?"

"नाही."

"काऊन?"

"भेव वाटलं, बाबा. तुम्ही सगळ्यांले सांगून ठेवलं होतं."

 आई आली, तिने प्रसाद दिला, आम्ही खाली उतरलो. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि वर्ध्यापर्यंत एकही थांबा त्यांनी पुकारला नाही, एरवी ते सवयीने पुटपुटतात. मला वाटलं, घरी गेल्यावर फोटो उतरेल. फोटो उतरला नाही. पण पंधरा दिवस त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मग एका रविवारी वैरागडेकाका आले. बाबांच्या वेळचे चालक, तेही आता निवृत्त. पोहे झाले, चहा मांडला, आणि काकांनीच फोटोकडे बोट दाखवलं. "हे काय हो, पांढरंफटक?"

मी ट्रे घेऊन दारातच थांबले. बाबांनी घसा साफ केला.

"चहूकडून समुद्र," ते म्हणाले. आवाज तोच, भोंग्यावरचा. "मधात गाव. गावात मैदान. धुकं असं, का आपला हात आपल्याले दिसू नये. शेवटचे चार मिनिटं. तिकडून बॉल आला. पोट्टीनं आयकला. धावली..."

आणि ते थांबले. मी स्वयंपाकघराकडे वळणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. सोलरुन गोलमध्ये उभी राहून जशी बघत होती तसेच ते बघत होते, वाट पाहत.

"इथून पुढचं ही सांगते," ते म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला.

"हाताले लागला होता, काका."